परदेशात फ्लाइट तासन्‌तास लेट झाली तर काय करायचं: पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

मे २०२४ ला आम्ही घरचे चौघं, म्हणजे आई, मी, बायको आणि नववीतली मुलगी, स्वित्झर्लंड नि इटली करून परत निघालो होतो. मिलानहून दुपारी अडीचचं विमान, मधे आखातात एक थांबा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुंबई आणि तिथून गाडीनं संध्याकाळी सांगली, असा सगळा बेत. विमान सुटलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला. चौदा तास. आई ७१ वर्षांची, शुगरवाली, आमच्यातलं कुणीच आधी असल्या प्रसंगातून गेलेलं नाही, त्यात सगळ्या अनाउन्समेंट इटालियन नाहीतर भरभर इंग्लिशमध्ये. त्या चौदा तासांत आणि नंतरच्या चार महिन्यांत जे जे कळलं ते क्रमानं लिहितोय, कारण हल्ली सांगली, मिरज, कराड, सातारा सगळीकडनं लोक बाहेर जायला लागलेत, बरेच जण पहिल्यांदाच, आणि टूरवाले हॉटेल सांगतात, जेवण सांगतात, पण विमान लेट झालं तर काय करायचं हे कुणी सांगत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. तिथं जे मिळतं ते विचारणाऱ्याला मिळतं. आपल्याकडची माणसं विचारायला संकोचतात, इंग्लिश मोडकं येतंय, कोण काय म्हणेल, म्हणून बाकडं धरून गप्प बसतात. जेवणाचं कूपन, हॉटेल, पुढची फ्लाइट हे सगळं तिकिटाच्या अटींत नाहीतर त्या देशाच्या कायद्यात आधीच बसवलेलं असतं, आपण कुणाकडं उपकार मागत नसतो.

घरातनं निघायच्या आधी

पहिलं काम तिकीट उघडून बघायचं. जाताना-येताना मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का बघा. एकाच बुकिंगवर असतील तर पहिलं विमान लेट झाल्यामुळं दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची असते. दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही सरळ गैरहजर, तिकीट वाया, नवीन काढायचं आणि तेही त्या दिवशीच्या भावानं. एजंटकडनं तिकीट काढत असाल तर त्याला हा एकच प्रश्न स्पष्ट विचारा, सगळं एकाच पीएनआरवर आहे ना? आणि बुकिंगमध्ये मोबाईल नंबर नि ईमेल तुमचा टाकायला लावा, एजंटचा नको. आमच्या बुकिंगला एजंटचा नंबर होता त्यामुळं विमान लेट असल्याचा पहिला मेसेज सांगलीत त्याच्या ऑफिसात आला, आम्हाला कळलं एअरपोर्टवर पोचल्यावर.

दुसरं इन्शुरन्स. ट्रॅव्हल इन्शुरन्स बहुतेक जण व्हिसासाठी म्हणून काढतात आणि पॉलिसी कधी उघडूनसुद्धा बघत नाहीत. त्यात ट्रिप डिले नावाचा भाग असतो, किती तासांनंतर लागू होतो ते पॉलिसीप्रमाणं बदलतं, कुठं ६ तास, कुठं १२. तेवढं पान फोनमध्ये सेव्ह करा आणि पॉलिसीवरचा मदतीचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण फोन बंद पडल्यावरच तो लागतो.

तिसरं केबिन बॅग. हे नीट वाचा, इथंच आमची चूक झाली. एक दिवसाचे कपडे, ब्रश, चार्जर, पॉवर बँक, एक शाल आणि सगळी औषधं केबिन बॅगेत पाहिजेत, कारण चेक-इन झालेली बॅग विमान लेट झालं तरी बहुतेक वेळा परत हातात येत नाही, ती आतच राहते. पॉवर बँक तशीही चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच लागते, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत म्हणजे २७,००० एमएएचच्या आसपासपर्यंतच बिनापरवानगी नेता येते. आईचं इन्सुलिनचं पेन आम्ही बरोबर केबिन बॅगेत ठेवलं होतं, पण पेनच्या सुयांचा डबा मोठ्या बॅगेत गेला. पेन आहे नि सुया नाहीत. रात्रीचा डोस जवळ यायला लागला तसं माझं डोकं चालेना, शेवटी बायको विमानतळावरच्या मेडिकलमध्ये पेन घेऊन गेली, हिरव्या क्रॉसची पाटी असते तिथं, पेन दाखवलं आणि बोटानं सुई टोचल्याची खूण केली, बाईनं दोन मिनिटांत बरोबर बसणाऱ्या सुया काढून दिल्या. म्हणून सांगतो, औषध आणि औषधाला लागणारं सगळं एकाच पिशवीत, किमान तीन दिवसांचं जास्तीचं, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर ब्रँडचं नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण ब्रँड देशागणिक बदलतात. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकूच नका, खाली थंडीनं गोठून खराब व्हायची भीती असते. वापरात असलेलं पेन फ्रिजशिवाय साधारण चार आठवडे चालतं, पण तुमच्या पेनच्या कागदावर काय लिहिलंय ते बघून घ्या.

घरात वयस्कर माणूस असेल तर तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागून ठेवा, किमान ४८ तास आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत. आईला चालता येतं, ती आधी तयारच नव्हती, पण लेट झाल्यावर गेट बदलतात, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळवतात, तेव्हा त्या खुर्चीचं महत्त्व कळलं.

खाण्याचं म्हणाल तर भडंग, दशम्या, खाकरा असलं कोरडं काहीतरी हातात असूद्या, सिक्युरिटीला कोरड्याचं काही होत नाही. तेलातली चटणी, लोणचं मात्र लिक्विडमध्ये धरतात, १०० मिलीच्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी काढून टाकतात. आणि युरोपात जाताना कंदी पेढे नेऊ नका, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध नि मांसाचे पदार्थ आत न्यायला तिथं बंदी आहे.

बोर्डावर डिलेड आलं की पहिला तास

हा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच सगळे जण वैतागण्यात घालवतात.

आधी बोर्डाचा फोटो काढा, त्यात फ्लाइट नंबर नि नवीन वेळ दोन्ही दिसलं पाहिजे. नंतर दर वेळी वेळ बदलली की परत फोटो. आमच्या वेळी अडीचचे पाच झाले, पाचाचे आठ झाले, आणि आठ वाजत आल्यावर एकदम दुसऱ्या दिवशी पहाटेची वेळ लागली. असं टप्प्याटप्प्यानं पुढं जातं त्याला कारण असतं, बिघाड किती मोठा आहे हे सुरुवातीला त्यांनाही कळलेलं नसतं, आणि मधेच पायलट नि क्रूचे ड्युटीचे तास संपतात, ठराविक तासांपुढं त्यांना कायद्यानंच उडता येत नाही, मग दुसरा क्रू येईपर्यंत थांबणं आलं. काही विमानतळांवर रात्री उड्डाणंच बंद असतात, फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५. म्हणजे संध्याकाळचा तीन तासांचा उशीर बघता बघता रात्रभराचा होतो, हे धरूनच चालायचं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमचं विमान येणार कुठून आहे ते बघता येतं, ते अजून मागच्या गावातच उभं असेल तर बोर्ड काहीही म्हणूदे, वेळ लागणारच.

मग सरळ काउंटरवर जायचं. एकानं लाइनीत उभं राहायचं, त्याच वेळी दुसऱ्यानं विमान कंपनीच्या ॲपवर चॅट उघडायचं नाहीतर कॉल सेंटरला फोन लावायचा. दोनशे-अडीचशे माणसं एकाच काउंटरला लागलेली असतात, फोनवरून काम आधी होऊ शकतं. इंग्लिशची काळजी करू नका, चार वाक्यं पुरतात, मी कागदावर लिहून घेतली होती:

व्हॉट इज द रीझन फॉर डिले?
प्लीज गिव्ह इट इन रायटिंग.
मील व्हाउचर, प्लीज.
विल वुई गेट द कनेक्टिंग फ्लाइट?

दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. उशीर झाला आणि तो अमुक कारणानं झाला हे लेखी पाहिजे, छापील कागद, नाहीतर ईमेल, नाहीतर ॲपवरचा मेसेज, काहीही चालतं. पुढं इन्शुरन्सवाले हेच मागतात, नुकसानभरपाईला हेच लागतं. मला काउंटरवरची मुलगी म्हणाली टेक्निकल इश्यू, मी कागद मागितला तर म्हणाली नंतर ईमेल येईल. मी तिथंच फोनमध्ये वेळ, काउंटर नंबर आणि तिचे शब्द टाइप करून ठेवले. ईमेल आला त्यात नुसतं ऑपरेशनल रीझन्स लिहिलेलं. या दोन शब्दांतला फरक किती पैशाचा असतो ते खाली येईलच.

आवाज चढवू नका. आमच्या पुढचा एक जण टेबल आपटून बोलला, त्याचं काम सगळ्यात शेवटी झालं. तिथं उभी असलेली पोरं त्या कंपनीची नसतातसुद्धा कित्येकदा, एअरपोर्टच्या ठेकेदाराची असतात, विमान बिघडण्यात त्यांचा काय दोष. आईकडं हात दाखवून डायबेटिक मदर एवढं म्हटल्यावर तिनं आम्हाला बाजूला घेऊन कूपनं आधी दिली.

घरी फोन, आणि गाडीवाल्याला फोन

हे आम्ही विसरलो. मिलानला साडेसात वाजले तेव्हा आठवलं, आपल्याकडं रात्रीचे अकरा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतोय. सकाळी आठच्या विमानाला घ्यायला म्हणून गाडी सांगलीतनं दहालाच निघालेली, ड्रायव्हरला फोन लागला तेव्हा तो पेठनाक्यावर चहा पित थांबला होता. अजून दोन तास उशीर केला असता तर तो सातारा ओलांडून गेला असता, आणि मग मुंबईत त्यानं दिवसभर कुठं थांबायचं, त्याची झोप, त्याचं जेवण, वेटिंगचे पैसे, आणि परत रात्रीची गाडी चालवायची ती तशाच पेंगुळल्या डोळ्यांनी. तेव्हा विमान लेट म्हणल्यावर पहिल्या तासातच गाडीवाल्याला कळवा. महालक्ष्मी किंवा कोयनेचं रिझर्व्हेशन केलं असेल तर तेही लगेच रद्द करायला घ्या, जितकं उशिरा तितके पैसे जास्त कापतात, आणि विमान लेट होतं हे कारण रेल्वे ऐकत नाही. माझं तर आता मत झालंय की परतीच्या दिवशी पुढचं काही पक्कं बुक करूच नये, मुंबईत उतरून सामान हातात आलं की मग पुण्यापर्यंत बस बघावी, तिथनं साताऱ्याला दोन-अडीच तास, सांगलीला पाच तास धरा, गाड्या मिळतात.

गावाकडं एकाच माणसाला सांगा आणि बाकीच्यांना त्यानं सांगायचं. आमचा मेव्हणा पुण्यात असतो, तो म्हणाला दाजी तुम्ही फोनची बॅटरी वाचवा, मी सगळ्यांना कळवतो, आणि त्यानंच रात्री बसून नियम वाचून मला मेसेज केले. नाहीतर आत्या, काका, शेजारी सगळ्यांचे फोन येतात, रोमिंगचे पैसे जातात ते जातात आणि बॅटरी उतरते. भारतातलं सिम मात्र बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येणार.

जेवण, पाणी, औषध

युरोपातनं सुटणाऱ्या विमानाला नियम स्पष्ट आहे. कंपनी कुठल्याही देशाची असू दे, विमान युरोपियन युनियनच्या विमानतळावरून सुटणार असेल तर ठराविक तासांनंतर खाणंपिणं द्यावंच लागतं, १५०० किलोमीटरपर्यंतच्या फ्लाइटला २ तासांनंतर, त्याच्या वर ३५०० पर्यंत ३ तासांनंतर आणि लांबच्याला ४ तासांनंतर. उशीर २ तासांच्या वर गेला की तुमचे हक्क लिहिलेला कागद द्यायचीही जबाबदारी कंपनीवर आहे. हा नियम ईसी २६१ म्हणून ओळखतात, २००४ चा आहे. नुसतं ईयू टू सिक्स वन म्हटलं तरी काउंटरवर कळतं. हवामान, संप असलं कारण असेल तरी खाणं आणि मुक्काम द्यावाच लागतो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं कित्येक दिवस बंद पडली होती, त्या प्रकरणात २०१३ ला युरोपच्या कोर्टानं हेच सांगितलं की कारण कितीही मोठं असलं तरी प्रवाशाची सोय करणं सुटत नाही.

आम्हाला माणशी एक कूपन मिळालं, ते चालणाऱ्या दुकानासमोर तासभराची लाइन. आईची इन्सुलिनची वेळ झाली, ती म्हणाली टोचून घेते, तोवर येईलच की. मी नको म्हटलं, आणि बरं झालं, कारण आमचा नंबर आल्यावर भाजीचं सँडविच संपलेलं होतं, परत नवीन करून मिळायला अजून वीस मिनिटं. ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही, हे शुगरवाल्यांच्या घरात एरवी सगळ्यांना माहिती असतं, पण असल्या गडबडीत घड्याळाकडं बघून टोचलं जातं आणि खाणं लांबलं की शुगर खाली येते. खिशात साखरेच्या गोळ्या नाहीतर ज्यूसचा छोटा पॅक ठेवा.

कूपन मिळालं नाही किंवा पुरलं नाही तर स्वतः घेऊन खा, पण बिल ठेवा, साधं वाजवी खाणं असेल तर नंतर मागता येतं. शेवटच्या दिवशी सगळी करन्सी खर्च करून टाकायची सवय असते ती सोडा, पन्नास-साठ युरो शिल्लक ठेवूनच एअरपोर्टला या. रिकामी बाटली सिक्युरिटीतनं जाते, आत नळाला पाणी भरून घ्यायचं.

रात्र काढायची वेळ आली तर

मुक्काम रात्रीचा होत असेल तर हॉटेल आणि तिथं न्यायची-आणायची गाडी कंपनीनं द्यायची. इथं एक गोष्ट समजून घ्या. इमिग्रेशन झालेलं असतं, पासपोर्टवर बाहेर गेल्याचा शिक्का पडलेला असतो, आणि व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत येण्याचा, असला तर मनात धास्ती बसते की आता परत आत कसं घेणार. कंपनीची माणसं सगळ्यांना एकत्र घेऊन जातात आणि पोलिस तो शिक्का रद्द करतात, आमच्या पासपोर्टवर शिक्क्यावर रेघ मारून दिली. एकटे मधेच बाहेर पडू नका, ग्रुपबरोबरच जा. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे नि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत सुरू झालीय, तरी विचारायचं तेच, आमची बाहेर पडल्याची नोंद रद्द झाली का. दुसऱ्या एखाद्या देशात नुसते विमान बदलायला उतरलाय आणि तिथला व्हिसाच नाही असं असेल तर बाहेरचं हॉटेल मिळणं अवघड, मग आतलं ट्रान्झिट हॉटेल किंवा लाउंज मागा.

व्हिसाची मुदत त्याच रात्री संपत असेल तर इमिग्रेशनच्या माणसाला आपण होऊन आधी सांगा आणि लेट झाल्याचा कागद दाखवा. थायलंडला मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड आहे, अशा वेळी हातात कागद असलेला बरा.

आम्हाला हॉटेलवर पोचायला सव्वादहा झाले आणि रात्री दोनला उठवणार होते. बायको म्हणाली एवढ्यासाठी कशाला जायचं, इथंच बसू. पण मी सांगतो, घरात म्हातारं माणूस असेल तर जा. आई पावणेचार तास पाय लांब करून झोपली, सकाळी तिच्या पायाची सूज उतरलेली होती. आमच्या फ्लाइटची काही मंडळी विमानतळावर खुर्चीवरच बसून राहिली, त्यांचे पाय सकाळी चपलेत जाईनात. विमानतळावरच थांबायचं असेल तर तासातासाला उठून चालायला लावा, भिंतीकडची जागा पकडा, बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून झोपा, आणि घरातला एक जण आळीपाळीनं जागा राहू दे, कारण रात्री गेट बदलल्याची अनाउन्समेंट एकदाच होते.

चार्जिंगचं पटकन सांगतो. युरोपात आपली गोल दोन पिनांची पिन बहुतेक बसते, दुबई, सिंगापूर, मलेशिया, इंग्लंडला चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

युरोप सोडून बाकी ठिकाणी

आपल्याकडचे जास्त लोक दुबई, थायलंड, सिंगापूर, व्हिएतनामला जातात त्यामुळं हे सांगायला पाहिजे. दुबई, सिंगापूरला युरोपासारखी ठरलेली रोख रक्कम देणारा कायदा नाही, तिथं कंपनीच्या स्वतःच्या अटी नि मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान प्रवासाबद्दलचा देशादेशांतला करार, चालतो. थायलंडनं २० मे २०२५ पासून नियम कडक केलेत, आंतरराष्ट्रीय फ्लाइट ५ तासांच्या वर लेट झाली तर १५०० बाट आणि १० तासांच्या वर गेली तर अंतराप्रमाणं त्याहून जास्त. इंग्लंडचा नियम युरोपासारखाच, फक्त पौंडात. मॉन्ट्रियल करारात भारत २००९ पासून आहे, त्यात उशिरामुळं तुमचं जे खरंखुरं नुकसान झालं, चुकलेलं हॉटेल, घेतलेले कपडे वगैरे, ते बिलं दाखवून मागता येतं आणि दावा लावायला २ वर्षांची मुदत आहे. सामान उशिरा मिळालं तर ते हातात आल्यापासून २१ दिवसांत आणि फुटलं-फाटलं असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे, त्याची सुरुवात एअरपोर्ट सोडायच्या आधीच बेल्टजवळच्या काउंटरवर फॉर्म भरून करायची.

मुंबईहून जातानाच लेट झालं तर डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचे नियम आहेत. वेळेप्रमाणं खाणंपिणं द्यायचं, आणि उशीर २४ तासांच्या वर असेल किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या मधलं विमान ६ तासांपेक्षा जास्त लेट असेल तर हॉटेल द्यायचं. नुसत्या उशिराला रोख भरपाई आपल्याकडं नाही. तक्रार सरकारच्या एअरसेवा ॲपवर करता येते.

घरी आल्यावर पैसे मागायचे

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. ईसी २६१ प्रमाणं शेवटच्या ठिकाणी पोचायला ३ तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीच्या हातातली असली तर अंतराप्रमाणं माणशी २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. १५०० किलोमीटरपर्यंत २५०, त्याच्या वर ३५०० पर्यंत ४००, त्याहून लांब ६००, फक्त लांबच्याला उशीर ४ तासांच्या आत असेल तर निम्मे होऊ शकतात. एकाच बुकिंगवर मिलान ते मुंबई असलं तर अंतर मुंबईपर्यंतचं धरतात. वादळ, एटीसीचा (विमानांना कंट्रोल टॉवरवरून सूचना देणाऱ्यांचा) संप असल्या कारणाला ही रोख रक्कम मिळत नाही. विमानातला साधा तांत्रिक बिघाड मात्र सबब म्हणून चालत नाही, युरोपच्या कोर्टानं २००८ लाच सांगितलंय. म्हणून तो टेक्निकल इश्यू शब्द महत्त्वाचा होता. आणि कंपनी प्रवासाचं व्हाउचर देऊ करेल, ते घेतल्याची सही तुम्ही दिली नाही तर रोखच द्यावे लागतात.

कंपनीच्या वेबसाइटवर फॉर्म असतो. पीएनआर, बोर्डिंग पास, बोर्डाचे फोटो, बिलं जोडायची, प्रत्येक प्रवाशाचं नाव वेगळं टाकायचं, लहान मुलांचं तिकीट काढलेलं असेल तर त्यांचंही. मला पहिलं उत्तर पाच आठवड्यांनी आलं, असाधारण परिस्थिती, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण, म्हणून नाकारलं. मी परत लिहिलं की काउंटरवर अमुक वाजता टेक्निकल इश्यू सांगितलं, नेमकी कुठली असाधारण परिस्थिती ते कळवा, नाहीतर इटलीच्या विमान वाहतूक खात्याकडं, म्हणजे एनाककडं तक्रार करतोय. तीन वाक्यांचं पत्र, मेव्हण्यानं लिहून दिलेलं. त्यावर दीड महिना काही नाही, मग एक दिवस बँकेची माहिती मागणारा ईमेल आला.

बँकेचं एक बघा. फॉर्ममध्ये आयबॅन, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा लांबलचक खाते नंबर मागतात, आपल्याकडं आयबॅन नसतो, खाते नंबर आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातनं पैसे यायला लागणारा बँकेचा कोड द्यायचा. आमच्या विश्रामबागच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोडच नव्हता, साहेबांनी त्याच बँकेच्या मोठ्या शाखेचा कोड लिहून दिला आणि रिमार्कमध्ये आपल्या शाखेचं नाव टाका म्हणाले. पतसंस्थेचं खातं असलं तर ते चालायचं नाही, राष्ट्रीयीकृत नाहीतर मोठ्या खासगी बँकेतलं द्या. चौघांचे २४०० युरो सप्टेंबरच्या शेवटी जमा झाले, बँकेनं थोडे चार्जेस कापून.

त्या रात्री आमच्या फ्लाइटला कराडकडचे एक काका-काकू होते, मुलाकडं जर्मनीला जाऊन परत निघालेले. संध्याकाळपर्यंत दोघं एका कोपऱ्यात बसून होते, कूपन द्यायला लागलेत हेही त्यांना माहीत नव्हतं, काकूंनी डब्यातली उरलेली पोळी नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती तेवढीच. आईनं त्यांचं मराठी ऐकलं आणि मला पाठवलं. काउंटरवर मी त्यांचे बोर्डिंग पास दाखवले, एक शब्द न विचारता दोन कूपनं दिली तिनं, आणि हॉटेलच्या यादीतही नावं घातली. नंबर घेतला होता, आमचे पैसे आल्यावर फोन केला तर काका म्हणाले, कसले पैसे? बोर्डिंग पास काकूंनी देवाच्या फोटोमागं जपून ठेवले होते म्हणून बरं. त्यांचा फॉर्म माझ्या मुलीनं बसून भरला, स्विफ्ट कोडसाठी काका दोनदा बँकेत गेले, आणि डिसेंबरात त्यांचे १२०० युरो आले.